चालत येतात, चालत जातात

४ मार्च, सोमवार

नवी फाइल आली. बाह्यरुग्ण उपचार केंद्र, तळमजला अधिक दोन मजले, मुख्य काम डायलिसिस. जागा शाळेमागच्या गल्लीत, बंद पडलेल्या छापखान्याची. 'जोखीम वर्ग' या रकान्यात वास्तुविशारदाने ठसठशीत २ काढून खाली दुहेरी रेघ मारली आहे. ज्याला खात्री असते तो दुहेरी रेघ मारत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव.

वर्ग तपासणं हे माझं काम. इमारत पडली तर किती वाईट होईल, याचा विचार ती उभी राहण्याआधीच करायचा आणि तिला एक ते चारमधला एक आकडा द्यायचा. एक म्हणजे गोदाम, गुरांचा गोठा. दोन म्हणजे आपण सगळे: घरं, दुकानं, कचेऱ्या. तीन म्हणजे शाळा, सभागृहं, जिथे माणसं दाटीने असतात किंवा स्वतःहून बाहेर पडू शकत नाहीत. चार म्हणजे भूकंपानंतर आपण जिथे धावतो त्या जागा, अग्निशमन केंद्र, मोठं रुग्णालय. त्यांनी नुसतं उभं राहून भागत नाही, दुसऱ्या दिवशी काम करायला हवं. आकडा वाढला की खांब जाड होतात, पाया खोल जातो आणि मालकाचा चेहरा उतरतो.

वास्तुविशारद समोरच बसला होता. मुलगा चांगला आहे, फक्त स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच मान डोलावतो.

"मॅडम, बाह्यरुग्ण म्हटलं की दुसरा वर्ग. रुग्ण चालत येतात, चालत जातात. संध्याकाळी कुलूप."

"आणि हाताला मशीन जोडलेलं असताना?"

"सिस्टर सोडवतात ना."

"किती वेळात?"

ते त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. साहेब आतून ओरडले, "बाई, महिनाअखेर निकालात काढा ते! केंद्र काढणाऱ्या डॉक्टरबाईंच्या फोनने माझा कान किटला." शेजारच्या शहरात असं एक केंद्र चालू आहे. बुधवारी जाऊन पाहून येते.

६ मार्च, बुधवार

रस्ता दीड तासाचा आणि वाईट. केंद्र एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिना रुंद, कठडा हलतो. छत ठीक. पाणी शुद्ध करायची खोली मागे कोंबलेली. तिच्यातल्या नळ्या भिंतीला नुसत्या टेकवलेल्या, पकड कुठेच नाही. हे आपल्या फाइलशी संबंधित नाही, पण दिसलं ते लिहिलं.

दारावर एक सिस्टर उभी होती. बांधा काटकुळा, आवाज भारदस्त.

"रुग्णासोबत आहात?"

"नाही. इमारतीसोबत."

ती हसली नाही. म्हणाली, "रुग्णासोबत असाल तरच आत. इमारतीने बाहेर बाकावर बसायचं. काचेतून दिसतं सगळं."

दिसलं. दोन रांगांत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी एक मशीन, प्रत्येक हातात दोन सुया, पायांवर पांघरूण. कुणी झोपलेलं, कुणी मोबाइल पाहणारं. चार तास असं बसायचं, आठवड्यातून तीनदा. सिस्टर मधल्या वाटेने फिरत होत्या. वाट पुरेशी रुंद आहे. दार बाहेर उघडतं, तेही बरोबर.

खिडकीजवळच्या खुर्चीत माजी होता.

माजी म्हणजे माझा पूर्वीचा नवरा. कचेरीत मी त्याचा उल्लेख असाच करते, माजी अध्यक्ष म्हणतात तसा. मग लोक पुढे विचारत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी मी त्याच्या घरातून बाहेर पडले. बाहेर पडायला एक बॅग पुरली. तो शाळेत भूगोल शिकवतो. भांडण असं काही नव्हतं. त्याला प्रत्येक गोष्टीत गंमत दिसायची आणि मला प्रत्येक गोष्टीत तडा. त्याची मूत्रपिंडं गेल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. का कळवावं, हाही प्रश्नच आहे.

त्याने मला पाहिलं, मोकळा हात वर केला आणि काचेपलीकडून ओठांनी म्हणाला, "हजर." मी मान हलवली आणि खिडकीच्या चौकटीची नोंद पूर्ण केली.

हितसंबंधांचा नियम परत आल्यावर वाचला. पती, पत्नी, रक्ताचे नातेवाईक. माजी यांतलं काहीच नाही. फाइल माझ्याकडे ठेवायला हरकत नाही.

८ मार्च, शुक्रवार

पाहणी अपुरी वाटली म्हणून पुन्हा गेले. मशीनवरून उतरल्यावर रुग्ण कसे चालतात, हे पाहायचं राहिलं होतं.

बहुतेक बरे चालतात. काही जण भिंतीला हात लावत जातात. माजी काट्यावर उभा राहिला, वजन पाहिलं, सुया काढलेल्या जागी बोटाने दाबून धरत बाहेर आला आणि माझ्या शेजारी बाकावर टेकला. चेहरा मातकट दिसत होता. घोटे बारीक झालेत, पँट लोंबते.

"इन्स्पेक्टर, काय शोधताय?"

"तुम्हा लोकांना आग लागल्यावर पळता येतं का, ते."

"आग लागल्यावर सगळ्यांनाच पळता येतं. मला तर तू लग्न लागल्यावर पळताना पाहिलंयस."

"पळाले मी होते."

"अरे हो," तो म्हणाला. "विसरलोच."

त्याची परतीची बस दुपारची. पहाटेच्या बसने येतो आणि उपचारानंतर उभ्याने परत जातो, कारण दुपारी बसायला जागा मिळत नाही. मागच्या महिन्यात बसमध्ये चक्कर येऊन पडला, असं सिस्टरने सांगितलं, त्याने नाही. रस्ता एकच आहे, म्हणून त्याला गाडीत घेतलं.

वाटेत त्याला नव्या केंद्राचं सगळं माहीत असल्याचं कळलं. "शाळेच्या मागे! मधल्या सुट्टीत चालत जाईन. आईला काळजी नाही, मला बस नाही. डॉक्टरबाई म्हणतात, सहा-सात महिन्यांत सुरू. फक्त कचेरीत कुणीतरी एक बाई आहे, तिची सही राहिलीय."

"ती बाई नियमाने जाते."

"ठाऊक आहे. मी तिच्या नियमात राहिलोय चौदा वर्षं."

त्याला दिवसाला अगदी मोजकं पाणी चालतं. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरतो. हे त्याने जगातल्या वाळवंटांचा धडा सांगावा तसं सांगितलं. मी गाडीतली माझी बाटली मागच्या सीटवर ठेवली.

१३ मार्च, बुधवार

पुन्हा गेले. सोमवारी कचेरीत बैठक होती, नाहीतर सोमवारीही गेले असते. तीन वेगळ्या दिवसांची पाहणी केली तर निष्कर्ष पक्का होतो. पहाटे जायचंच होतं, म्हणून त्याला घरूनच घेतलं. आईंनी दार उघडलं. त्याची आई. त्यांना आई म्हणायची सवय नऊ वर्षांत सुटली असेल असं वाटलं होतं.

"आलीस?" एवढंच म्हणाल्या. मग आत जाऊन त्याची पांघरुणाची पिशवी आणली आणि माझ्या हातात दिली, त्याच्या नाही. "तिथे फार गार असतं, आणि हा मेला सांगत नाही कुणाला."

"आई, मी कामासाठी चाललेय."

"हो गं. मी कुठे काय म्हटलं?"

सिस्टरशी बोलून एक गोष्ट ठरवली. सोमवारी, उपचार संपत येताना, सगळ्यांना एकदम उठवायची तालीम. त्यांच्या डॉक्टरांची परवानगी ती काढेल. नळ्यांवर चिमटे लावायचे, जोड सोडवायचा, सुया हातातच ठेवून वर पट्टी आणि चालू पडायचं. सिस्टर म्हणते, "डोळे मिटून करते मी." मी म्हटलं, उघडे ठेवून करा, मला पाहायचं आहे.

१८ मार्च, सोमवार

तालीम झाली. उत्तम झाली.

घंटा वाजताच सिस्टर एका टोकाने सुटल्या. चिमटा, जोड, पट्टी, "उठा". चिमटा, जोड, पट्टी, "उठा". कुणी घाबरलं नाही. एक आजी दारापर्यंत येऊन चष्मा घ्यायला परत वळल्या, तेव्हा माजीने त्यांना वर्गातल्या आवाजात दटावलं, "मागे वळायचं नाही! चष्मा पुढच्या इयत्तेत मिळेल." तो सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला आणि खाली अंगणात हजेरी घेऊ लागला. आजींनी "हजर" म्हणताना हात जोडले. मलाही हसू आलं.

चालत्या उपचारातून सगळेच्या सगळे, स्वतःच्या पायांनी, ठरल्या वेळेच्या आत बाहेर. म्हणजे वास्तुविशारदाची दुहेरी रेघ बरोबर होती. संध्याकाळी टिपण लिहिलं: सर्व रुग्ण स्वतःचा बचाव करण्यास समर्थ, प्रत्यक्ष पाहणी केली, वर्ग दोन मान्य. सही केली.

साहेब खूश. "सुंठीवाचून खोकला गेला की हो बाई! मला वाटलं, तुम्ही आता खांब मोजत बसणार." वास्तुविशारदाने फोनवर इतके आभार मानले की त्याची मान डोलावलेली मला ऐकू आली.

माजीला कळवलं. नियमाबाहेरचं नाही, निकाल जाहीर झाला आहे. त्याने आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाला, "म्हणजे मी पास?"

२० मार्च, बुधवार

पाहणी संपली, त्यामुळे गेले नाही. नेहमीच्या वेळी जाग आली आणि उगाच उठून बसले. गाडी पुसली.

दुपारी सिस्टरचा फोन आला. सकाळी उपचार सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना पाण्याच्या खोलीतली मुख्य नळी भिंतीपासून सुटली. मागची खोली, मग हॉल, घोट्याएवढं पाणी, वर विजेचं सामान. तिने घंटा वाजवली. सोमवारी केलं तसंच केलं. सगळे सुखरूप बाहेर. "मॅडम, तुमची तालीम देवासारखी धावून आली," असं ती म्हणाली. त्या नळ्यांना पकड नव्हती हे मी लिहून ठेवलं होतं, पण सांगितलं कुणाला नव्हतं. फाइल त्या इमारतीची नव्हती.

तरी समाधान वाटलं. नियम असा प्रत्यक्षात उतरलेला क्वचितच पाहायला मिळतो.

२३ मार्च, शनिवार

उजाडताना आईंचा फोन. "तो आडवाच होत नाही गं. बसून राहिलाय. छातीत घरघर वाजतंय."

मी म्हटलं, "शुक्रवारी डायलिसिस झालं ना?"

"कुठलं? ते बंदच आहे ना. शुद्ध पाणी नाही म्हणतात. सोमवारी बघू म्हणाले."

बुधवारचं सुरुवातीलाच सुटलं. शुक्रवारचं झालंच नाही. मी बुधवारी सगळे बाहेर पडले एवढं ऐकलं आणि फोन ठेवला. तिथून ते कुठे गेले, हे विचारायचं मला सुचलं नाही.

त्याचं तोंड सुजलं होतं. पाय बुटात जाईनात, अनवाणीच गाडीत बसला. मोठ्या रुग्णालयात, जिल्ह्याच्या ठिकाणी, आधीच रांग होती. त्या केंद्रातले बाकीचेही तिथेच येऊन थडकले होते. चष्म्याच्या आजी चाकाच्या खुर्चीत होत्या आणि कुणाला ओळखत नव्हत्या. सोमवारी याच आजी स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या होत्या.

त्याला प्राणवायू लावून बाकावर बसवून ठेवलं. त्याला श्वास घेताना पाहून मला भीती वाटली. अहवालात अशा गोष्टीला जागा नसते, म्हणून इथे लिहिते. फार भीती वाटली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "पण बुधवारी तुम्ही सगळे वेळेत बाहेर पडलात, हे चांगलं झालं."

त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "बाहेर पडलो की. झकास पडलो." श्वास घेतला. "पण इन्स्पेक्टर, शुक्रवारी आत कुठे जायचं होतं?"

त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. त्याचा नंबर दुपार कलल्यावर लागला.

२५ मार्च, सोमवार

तो बरा आहे. घरी सोडलं. केंद्र अजून बंद, तोवर मोठ्या रुग्णालयात मिळेल तेव्हा मिळेल.

नियमावली पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. सगळीकडे एकच प्रश्न आहे: आतला माणूस बाहेर पडू शकतो का? मी तोच प्रश्न घेऊन चारदा गेले, घड्याळ लावून बसले, आणि त्याचं बरोबर उत्तर घेऊन आले. उत्तर अजूनही बरोबरच आहे.

पण भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी दाताचा दवाखाना बंद असला तर दात दुखेल. डोळ्यांचा बंद असला तर चष्मा लांबेल. डायलिसिसचं केंद्र आठवडाभर बंद राहिलं तर खुर्च्यांवरची माणसं मरतील, इमारतीतून सुखरूप बाहेर पडून, आपापल्या घरी. एकाच्याही अंगावर वीट पडलेली नसेल. रस्ते फुटलेले असतील आणि मोठ्या रुग्णालयात जखमींची रांग लागलेली असेल. तिथे यांना कोण घेणार? परवा तर नुसती एक नळी सुटली होती.

चौथ्या वर्गाची व्याख्या जरा खाली आहे: 'आपत्तीनंतर ज्यांची सेवा खंडित होऊन चालणार नाही अशा इमारती.' तिथे अग्निशमन केंद्र लिहिलंय, रुग्णालय लिहिलंय आणि शेवटी 'व तत्सम' लिहिलंय. या दोन शब्दांकडे कुणी पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं.

चौथा वर्ग द्यायचा तर पाया, खांब, तुळया सगळं नव्याने मांडायचं. पाण्याची स्वतःची टाकी, प्रत्येक नळीला पकड, जनित्र जमिनीला जखडलेलं. नकाशे पुन्हा, मंजुरी पुन्हा. केंद्र सहा-सात महिन्यांऐवजी दीड-दोन वर्षांनी उघडेल. तेवढा काळ तो त्या पहाटेच्या बसने जाणार. सिस्टरला विचारलं होतं, असे लोक प्रवास किती सोसतात. ती म्हणाली, "कुणी सोसतात, कुणी नाही."

टिपणावर माझी सही झालेली आहे. ते तसंच राहिलं तर कुणीही मला विचारणार नाही, आणि वर्ष संपायच्या आत तो मधल्या सुट्टीत चालत जाईल. भूकंप इथे माझ्या आयुष्यात मोठा असा झालेला नाही. हे मी आज बऱ्याच वेळा मनाशी म्हटलं.

२६ मार्च, मंगळवार

टिपण मागे घेतलं. साहेबांना वाटलं, मी थट्टा करतेय. मी थट्टा करत नाही हे मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पंखा वाढवला.

"बाई, सही झालेली फाइल कुणी परत मागतं का? झाकली मूठ आहे, झाकलेली राहू द्या."

"माझी चूक झाली."

"चूक कुठे? माणसं बाहेर पडली ना?"

"पडली. मग आजारी पडली."

"ते बघायला आरोग्य खातं आहे. आणि हे रुग्णालय नाही हो, संध्याकाळी कुलूप लागतं."

"कुलूप लागू दे. परवा ते उघडलं पाहिजे."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुमचे ते... माजी तिथे असतात म्हणे. वरून कुणी विचारलं तर? हितसंबंध?"

"चौथा वर्ग दिला तर त्यांचं नुकसानच आहे, साहेब. दोन वर्षं बस."

"मग हे काय म्हणायचं?"

"नियमात त्याला शब्द नाही."

त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "हात दाखवून अवलक्षण," म्हणाले, पण सही करायला पेन दिलं ते त्यांचंच.

२८ मार्च, गुरुवार

डॉक्टरबाई आल्या. वास्तुविशारद त्यांच्या मागे, आज मान स्थिर. डॉक्टरबाई लहानखुऱ्या आहेत आणि रागावल्या की उभ्या राहतात.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? माझे पेशंट दोन वर्षं बसने जातील. त्यातले काही पोहोचणार नाहीत. त्यांची नावं सांगू का?"

"एकाचं मला माहीत आहे," मी म्हटलं.

वास्तुविशारद म्हणाला, "मॅडम, नियमात बाह्यरुग्ण म्हणजे स्पष्ट दुसरा वर्ग..."

"तुम्ही लिहिलंत, चालत येतात, चालत जातात. जाण्याचं मी तपासलं. येण्याचं तुम्हीही तपासलं नाहीत, मीही नाही. डॉक्टर, मोठा हादरा बसला, इमारत उभी आहे पण पाणी तुटलं, वीज गेली. तुमचे पेशंट तिसऱ्या दिवशी कुठे येतील?"

शेजारच्या केंद्रात काय झालं ते डॉक्टरबाईंना ठाऊक होतं. चष्म्याच्या आजी त्यांच्याच पेशंट. रविवारी गेल्या.

मग त्या बसल्या. म्हणाल्या, "टाकी किती मोठी लागेल?"

आम्ही संध्याकाळपर्यंत टाकीवर बोललो. जाताना त्या म्हणाल्या, "मी तुमचे आभार मानणार नाही." मी म्हटलं, "नका मानू." आजी गेल्याचं मला तोवर माहीत नव्हतं. फाइलवर चारचा आकडा लिहिताना रेघ एकच मारली.

१ एप्रिल, सोमवार

शेजारचं केंद्र आजपासून सुरू. पहाटे त्याला घ्यायला गेले. आईंनी पिशवी दिली आणि विचारलं, "तुझी ती पाहणी संपली नाही अजून?"

मी पिशवी गाडीत ठेवली. पिशवीत या वेळी दोन पांघरुणं होती.

गाव मागे पडल्यावर त्याला सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं: वर्ग चार दिला, केंद्र दीड-दोन वर्षांनी होईल, आणि याचं कारण तू रुग्णालयातल्या बाकावर जे बोललास ते.

एक पूल गेला, एक पेट्रोल पंप गेला.

"मी बोललो म्हणून?"

"हो."

"मास्तरांनी एकदाच तोंड मिटून घ्यायला हवं होतं." मग, "दोन वर्षं, म्हणजे तोवर मी असेन असं तू धरलंयस."

"हो."

"आधार काय? तुला प्रत्येक गोष्टीला आधार लागतो."

"बसने जायचं नाही. मी नेणार आणि आणणार. कचेरीत सांगितलंय, सोमवार, बुधवार, शुक्रवार मी दुपारनंतर येईन. साहेब कुरकुरले, पण हो म्हणाले."

"आणि हे किती दिवस?"

"ते उघडेपर्यंत. उघडल्यावर तू चालत जाशील."

तो यावर काहीतरी विनोद करेल म्हणून मी थांबले. त्याने केला नाही. नऊ वर्षांपूर्वी, मी बॅग भरत होते तेव्हा, तो अखेरपर्यंत विनोद करत राहिला होता, आणि मला वाटलं होतं, याला काहीच वाटत नाही. आज त्याने काच खाली केली, थोडा वारा घेतला, पुन्हा वर केली. म्हणाला, "आजींचा चष्मा त्या खुर्चीतच राहिला असेल. त्या दिवशी मी त्यांना वळू द्यायला हवं होतं."

"तालीम होती ती. त्यांनी नंतर नेला चष्मा. मी पाहिलं."

"नक्की?"

"मी पाहिलं," मी म्हटलं.

केंद्राच्या मागच्या नळ्यांना आता पकडी बसवल्या आहेत, मी आधी मागे जाऊन हलवून पाहिल्या. घट्ट आहेत. मग जिना चढून वर आले. माजी पुढे होता, कठड्याला धरून. तो काट्यावर चढला, वजन सांगितलं आणि खिडकीकडच्या खुर्चीकडे गेला. मी सवयीने बाहेरच्या बाकावर बसले.

सिस्टर दार लावायला आली आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहून थांबली.

"आज कुणासोबत, मॅडम? इमारतीसोबत?"

"नाही," मी म्हटलं. "रुग्णासोबत."

"मग बाहेर काय बसलाय? चपला काढा आणि आत या. त्यांना थंडी वाजतेय."